परदेशी वनस्पती, बदलते ऋतू आणि आपली परसबाग

चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या हाती पूर्वी जुनी केसपत्रे आणि तपासण्यांचे कागद असत. अलीकडे त्यांच्याबरोबर एखादे पान, फांदी किंवा कुंडीतील रोपाचे छायाचित्रही असते. ‘हे पान रोज सकाळी एक खाल्ले तर चालेल का?’ हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. पान बहुधा परदेशातून आलेल्या वनस्पतीचे असते. रोप शेजाऱ्याने दिलेले किंवा रोपवाटिकेतून आणलेले असते आणि त्याचा गुण कोणीतरी सांगितलेला असतो. आमच्या बहुतेक वैद्यबंधु-भगिनींचा अनुभव याहून फारसा वेगळा नसावा.

घराच्या गच्चीवर, सज्जात वा अंगणात वनस्पती लावण्याची आवड वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच काळात ऋतूंचे स्वरूप बदलत आहे आणि परसबागेत परकीय वनस्पतींची संख्याही वाढत आहे. या दोन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम वैद्याच्या दृष्टीने काय होतो, याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कुंडीत जगलेली प्रत्येक वनस्पती औषध होत नाही, हे आम्ही एका चुकीतून शिकलो. ती चूकही पुढे नमूद केली आहे.

परकीय द्रव्ये आणि आयुर्वेद

परदेशातून आलेली वनस्पती म्हणून ती त्याज्य, अशी आयुर्वेदाची भूमिका कधीच नव्हती. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन केले आणि त्यावर चोपचीनी, म्हणजेच द्वीपान्तरवचा, हे बाहेरून आलेले द्रव्य सांगितले. नावातच ते दुसऱ्या द्वीपातले असल्याची कबुली आहे. मात्र निघंटूत स्थान देताना त्याचे रस, गुण आणि कर्म सांगण्यात आले. पाहुणा आला, त्याची विचारपूस झाली आणि मगच त्याला घरात घेतले गेले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधीज्ञानाचा क्रम सांगितला आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. परंतु केवळ नाव आणि रूप कळल्याने औषधाचा योग कळत नाही. न ओळखलेले औषध विषासारखे वा शस्त्रासारखे घातक ठरते, हेही तेथेच सांगितले आहे. आज गुराख्याच्या जागी रोपवाटिकेचा माळी आला आहे. त्याला नाव ठाऊक असते, कधी कधी तेही चुकीचे असते. योग मात्र आपण सांगायचा असतो.

देश : वनस्पतीचे मूळ घर

जांगल, आनूप आणि साधारण ही देशाची त्रिविध कल्पना आपण रुग्णपरीक्षणात वापरतो. परकीय वनस्पतीच्या बाबतीतही तीच उपयोगी पडते. रोप कोणत्या खंडातून आले, यापेक्षा त्याच्या मूळ घरी पाऊस केव्हा पडतो आणि ऊन कसे असते, हे जाणणे महत्त्वाचे आहे.

रोजमेरी हे उदाहरण घ्यावे. ही भूमध्य समुद्राच्या काठची वनस्पती आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. पुण्यासारख्या ठिकाणी ही वनस्पती थंडीत उत्तम वाढते, उन्हाळाही सोसते. परंतु आषाढ-श्रावणात कुंडीतील माती सतत ओली राहिली की तिची मुळे कुजतात. पाने पिवळी पडलेली पाहून घरमालक आणखी पाणी घालतो आणि झाड लवकर जाते. ही जांगल वृत्तीची वनस्पती आनूप काळात सापडली, असेच म्हणावे लागेल.

याउलट सदाफुली मादागास्कर बेटावरील आहे. तेथील हवा उष्ण आणि पाऊस उन्हाळ्यात येणारा. म्हणून ती महाराष्ट्रात जणू माहेरी आल्यासारखी वाढते, भिंतीच्या फटीतही उगवते. ब्राझीलमधून आलेले आणि ‘इन्सुलिनचे झाड’ या नावाने विकले जाणारे रोप दमट सावलीतले आहे. कोकणातील पेव ज्या कुळातले, त्याच कुळातले ते आहे. कोकणच्या अंगणात ते सुखाने राहते, परंतु सोलापूरच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात त्याच्या पानांच्या कडा करपतात. मध्य अमेरिकेतील निवडुंगवर्गीय ड्रॅगन फ्रूट मात्र सांगली-सोलापूरच्या कमी पावसाच्या भागात शेतकऱ्यांनीही लावले आहे. तरी अतितीव्र उन्हात त्याचीही खोडे भाजतात आणि पाणी साचल्यास ती कुजतात. एकच घरबाग सर्व देशांच्या पाहुण्यांना सारखी मानवत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

काल : ऋतूंचे बदलते वेळापत्रक

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची दुष्टी वर्णिली आहे. वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश आणि देशापेक्षा काल टाळण्यास अधिक कठीण, असा त्यांचा क्रम आहे. दूषित पाणी गाळता-उकळता येते, जागाही बदलता येते. बिघडलेल्या ऋतूतून मात्र कोणासही बाहेर पडता येत नाही. त्याच अध्यायात, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित कराव्यात, असा उपदेश पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशास केला आहे. सुश्रुताचार्यांनीही ऋतू बिघडल्यावर औषधी आणि जल यांचे गुण पालटतात, असे सांगितले आहे.

आज हा विषय केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष तोवरचे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा त्या वर्षीचे तापमान सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सामान्य तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची सामान्य तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला आणि २९ मे १९५६ चा विक्रम मोडला.

या तारखांचा आपल्या औषधीसंग्रहाशी थेट संबंध आहे. त्वचा, कंद आणि क्षीर शरदात घ्यावे, असा कल्पस्थानातील नियम आहे. आश्विनातही पाऊस पडत राहिला तर कंदात पाण्याचा अंश अधिक राहतो. तो नीट वाळत नाही आणि साठवणीत बुरशी धरतो. अशा वेळी केवळ पंचांगातील महिना न पाहता जमीन प्रत्यक्ष कोरडी झाली आहे की नाही, हे पाहून संग्रह करावा लागेल. त्यामुळे नियम मोडत नाही, उलट त्याचा आशयच पाळला जातो.

परकीय वनस्पतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उष्णता वा पाण्याची टंचाई यांचा ताण पडला की अनेक वनस्पतींतील अल्कलॉइड आणि सुगंधी तैले यांचे प्रमाण बदलते. आर्द्र काळातील पान आणि वैशाखातील करपलेल्या कुंडीतले पान दिसायला एकाच झाडाचे असले, तरी त्यांचे वीर्य सारखे असेलच असे नाही. ज्या वनस्पतीची मात्रा आपल्या ग्रंथांत ठरलेली नाही, तिच्या बाबतीत हा फरक अधिकच धोक्याचा ठरतो.

तीन परिचित पाहुण्या

सदाफुलीची पाने वा फुले मधुमेहासाठी चावून खाणारे रुग्ण आजही भेटतात. या समजुतीचा इतिहास बोधप्रद आहे. जमैकातील लोक मधुमेहावर या वनस्पतीचा काढा घेत, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिचा अभ्यास केला. प्रयोगातील उंदरांची रक्तशर्करा अपेक्षेप्रमाणे उतरली नाही, परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. या निरीक्षणातूनच १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. जे द्रव्य अत्यंत मोजून, रक्ताच्या तपासण्या करीत रुग्णालयात दिले जाते, त्याच्या वनस्पतीची पाने मधुमेही रुग्णाने रोज अंदाजाने चावून खाणे कितपत योग्य, हे वैद्यांस सांगणे न लगे. सदाफुली फुलांसाठी अवश्य लावावी. पोटात मात्र देऊ नये.

पानफुटी हीदेखील मादागास्करची. अश्मरीच्या रुग्णांत तिची ख्याती मोठी आहे आणि काही ठिकाणी तिलाच पाषाणभेद म्हणतात. या वनस्पतीविषयी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेंजामिन हाइने या भारतात काम करणाऱ्या निरीक्षकाने एक नोंद केली. तिची पाने सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागतात, अशी ती नोंद आहे. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून हवा घेते आणि ती आम्लरूपाने साठवते, म्हणून सकाळी आंबटपणा अधिक असतो, हे पुढे समजले. एकाच पानाचा रस प्रहरागणिक बदलतो, ही गोष्ट कालाचे महत्त्व मानणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष वाटावी. परंतु याच वनस्पतीत हृदयगतीवर परिणाम करणारी द्रव्येही असतात. ती खाऊन गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. हृद्रोगी आणि हृदयाची औषधे घेणाऱ्या रुग्णांना पानफुटी निश्चितपणे वर्ज्य सांगावी.

‘इन्सुलिनचे झाड’ हे तिसरे उदाहरण. येथे नावच फसवे आहे. या पानात इन्सुलिन नसते. रक्तशर्करा कमी करण्याच्या दृष्टीने त्याचा अभ्यास झाला असला, तरी त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणे घातक आहे. उलटपक्षी चालू औषधाबरोबर भरपूर पाने खाल्ल्यास शर्करा अकस्मात उतरण्याची शक्यता असते. म्हणून मधुमेही रुग्णास ‘घरी कोणते पान खाता का?’ हा प्रश्न न चुकता विचारावा, असे आम्ही सुचवतो. रुग्ण ते आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषध नसून झाड असते.

आमच्या अंगणातील चूक

आमच्या चिकित्सालयामागे निंबावर चढलेली जुनी गुळवेल होती. २०२० च्या साथीत तिला एवढी मागणी आली की आम्ही ती जवळजवळ बुंध्यापर्यंत छाटली. पुढील उन्हाळा कडक गेला आणि उरलेली वेल वाळली. तिच्या जागी आम्ही रोपवाटिकेतून दोन वेली आणल्या. त्यांवर ‘गुळवेल’ अशी चिठ्ठी होती. उन्हात वाढ जोमदार, पाणी अल्प, म्हणून आम्हाला समाधानच वाटले. वर्षभरात त्या वेलींच्या कांड्या आम्ही अकरा घरांत दिल्या.

त्या सुमारास, २०२१ मध्ये, गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचा अहवाल मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. वनस्पतीची ओळख पुरेशी पटवलेली नाही, असा आक्षेप आयुर्वेदक्षेत्रातून घेण्यात आला. आम्हीही आमच्या परिचितांत तो मोठ्या आवाजात घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद प्रसिद्ध केले. क्रिस्पा ही आग्नेय आशियात प्रामुख्याने वापरली जाणारी वेल आहे आणि तिच्या सेवनाने यकृतास अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. ते भेद कागदावर घेऊन आम्ही अंगणात गेलो. दोन वेलींपैकी एकीच्या कोवळ्या कांडाचा रंग हिरवा नसून करडा होता, त्यावर बारीक गाठी होत्या आणि कांड मोडल्यावर दुधट स्राव आला. जो आक्षेप आम्ही इतरांवर घेत होतो, तो आमच्याच अंगणाला लागू पडत होता.

त्याच दिवसापासून आम्ही अकराही घरांशी संपर्क साधू लागलो. नऊ कुटुंबे भेटली, दोन घर बदलून गेली होती. भेटलेल्यांपैकी चार घरी करडी वेल होती. त्यांतील एक भगिनी दोन महिने रोज ताजा काढा घेत होत्या आणि त्यांना मळमळ, अरुची व थकवा होता. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी बरेच वाढलेले आढळले. काढा बंद केला, यकृतरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही आठवड्यांत तपासण्या पूर्ववत झाल्या. त्या वेलीमुळेच हे घडले, असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. नव्हतेच, असेही म्हणता येत नाही. त्या भगिनी रागावल्या नाहीत. ‘तुम्ही दिलीत म्हणून विश्वासाने घेतली,’ एवढेच म्हणाल्या. न भेटलेल्या दोन घरांची आठवण आम्हाला अजूनही अस्वस्थ करते.

येथे आणखी एक प्रामाणिक नोंद आवश्यक आहे. सर्व दोष क्रिस्पावर टाकून मोकळे होता येणार नाही. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गुळवेलीच्या सेवनानंतर स्वप्रतिकारजन्य यकृतशोथासारखी लक्षणे दिसल्याचे म्हटले आहे. म्हणून यकृताचे वा स्वप्रतिकारजन्य विकार असणाऱ्यांना योग्य ओळखीची गुळवेलही स्वतःच्या मनाने घेऊ देऊ नये.

ओळखीच्या खुणा थोडक्यात अशा. खऱ्या गुळवेलीचे कोवळे कांड हिरवे व गाठीविरहित असते आणि मोडल्यावर दूध येत नाही. फुलाला सहा पाकळ्या असतात, फळ गोल व लाल असते. क्रिस्पाचे कांड करडे व गाठाळ असते, मोडल्यावर दुधट स्राव येतो. फुलाला तीन पाकळ्या असतात, फळ लांबट व नारिंगी असते. जून कांडावर खऱ्या गुळवेलीसही उंचवटे येतात, म्हणून परीक्षा कोवळ्या कांडावरच करावी. शंका राहिल्यास जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागास वा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस नमुना दाखवावा.

लागवडीचे व्यवहार

रुग्णांना आणि स्वतःलाही सांगण्याजोगे काही नियम अनुभवातून हाती आले आहेत.

पहिला नियम, प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी असावी. तीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव, रोप कोठून व केव्हा आणले आणि ‘खाण्याचे’ की ‘शोभेचे’ हे लिहावे. खाण्याच्या आणि शोभेच्या कुंड्या वेगळ्या जागी ठेवाव्यात. घरात लहान मुले असल्यास हे विशेष कटाक्षाने पाळावे.

दुसरा, जांगल वृत्तीच्या वनस्पतींसाठी मातीत निम्मी वाळू व विटांचा चुरा मिसळावा, कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि पावसाळ्यात ती वळचणीखाली घ्यावी. पाऊस आता मे महिन्यातही येऊ शकतो. म्हणून ही तयारी अक्षय्य तृतीयेपर्यंत पूर्ण असावी.

तिसरा, उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तापून मुळे होरपळतात. मातीच्या कुंड्या वापराव्यात, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन द्यावे, दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधावी आणि पाणी सकाळी लवकर द्यावे.

चौथा, तणावाखाली असलेल्या, करपलेल्या, कीड लागलेल्या वा कीटकनाशक मारलेल्या झाडाचा कोणताही भाग औषधार्थ घेऊ नये.

पाचवा, नको झालेली परदेशी रोपे नाल्यात, नदीकाठी वा टेकडीवर टाकू नयेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणूनच कलकत्त्याच्या बागेत आली आणि आज ती देशभरच्या रानांत पसरली आहे. जलपर्णीही सुंदर फुलांसाठीच आणली गेली. पानफुटीचे तर एक पान पडले तरी त्याच्या कडेला नवी रोपे फुटतात. हवा अधिक उष्ण झाल्यावर आज कुंडीत राहणारा कोणता पाहुणा उद्या रानात शिरेल, हे सांगता येत नाही. तेथे जागा जाते ती आपल्याच रानातील औषधींची.

शेवटचा नियम वैद्यांसाठी. कांडी, बी वा रोप देणे हे औषध देण्यासारखेच मानावे. कोणास काय व केव्हा दिले, याची वही ठेवावी. आमच्याजवळ अशी वही असती तर ती दोन घरेही कदाचित सापडली असती.

समारोप

परसबाग असावी, तिच्यात परदेशी पाहुणेही असावेत. तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा आणि शतावरी यांच्या शेजारी एखादी रोजमेरी वा सदाफुली असल्याने आयुर्वेदाला बाध येत नाही. मात्र ऋतू बिघडत असताना ‘सहज जगते’ हा वनस्पती निवडण्याचा एकमेव निकष ठरू लागला, तर ओळख, देश, काल आणि मात्रा हे आपले जुने निकष मागे पडतील. कडक उन्हात टिकली म्हणून आम्ही करड्या वेलीवर प्रसन्न झालो होतो, हे विसरता येत नाही.

आमच्या निंबावर आता पुन्हा हिरव्या कांडाची गुळवेल चढते आहे. एका जुन्या वैद्यांच्या अंगणातून ती आणली आणि फूल येईपर्यंत कोणालाही दिली नाही. तिच्या खोडाशी चिठ्ठी बांधली आहे आणि शेजारच्या खिडकीत वही ठेवली आहे. आपापल्या अंगणातील गुळवेल वाचकांनी या लेखाच्या निमित्ताने एकदा मोडून पाहावी, एवढीच विनंती.